कथील किती, शिसं किती

गेल्या वर्षीच्या गणपतीत आमच्या घरी एक चमत्कार झाला. त्याचं श्रेय बाप्पाला द्यायचं की भिकार सोल्डरला, यावर घरात अजून दोन मतं आहेत.

थर्माकोलवर बंदी आल्यापासून आमची आरास पुठ्ठ्याची असते. पुठ्ठ्याची कमान, तिला सोनेरी कागद, आणि कमानीभोवती एकामागून एक पळणारे दहा दिवे. कमान सौभाग्यवतीची, दिवे माझे. दिव्यांचं सर्किट म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या छांदिष्टांचा श्रीगणेशाच: एक ५५५ आणि एक ४०१७. ५५५ नावाची आठ पायांची चिप ठेका धरते आणि सोळा पायांची ४०१७ त्या ठेक्यावर एक ते दहा मोजत एकेका दिव्याला पाळी देते. ही ५५५ हान्स कॅमेनझिंड या स्विस माणसानं १९७१ साली आखली, १९७२ साली ती बाजारात आली, आणि पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, पासोड्या विठोबापाशी, ती आजही कटिंग चहाच्या भावात मिळते. पन्नास वर्षं भाव धरून राहिलेली माझ्या माहितीतली ही एकमेव वस्तू.

आदल्या रात्री दिवे झकास पळत होते. सकाळी प्रतिष्ठापनेच्या वेळी बटण दाबलं, तर सातवा दिवा लागला आणि तिथेच बसला. पुढे जाईना, मागे येईना. मी कमानीमागे हात घालून चाचपत होतो, पण भटजी घाईत होते, त्यांना अजून चौदा घरं करायची होती. आरती सुरू झाली. टाळ वाजले, झांजा वाजल्या, शेजारच्या पोरानं चौरंगावर हातानं ठेका धरला, आणि सातवरचा दिवा आठवर गेला! मग नऊवर, दहावर, पुन्हा एकवर. टाळ जोरात वाजले की दिवे भराभर पळत, आवाज बसला की तेही थबकत. शेवटी मंत्रपुष्पांजलीच्या संथ लयीत ते अगदी गंभीरपणे एकेक पाऊल टाकत होते.

आरती संपल्यावर सगळे मूर्तीचं सोडून माझंच कौतुक करायला लागले. "वा! आवाजावर चालतात वाटतं?" वरच्या मजल्यावरचे कुलकर्णी काका तर प्रसाद घेता घेताच म्हणाले, "पुढच्या वर्षी आम्हाला असाच एक. टाळ्यांवर चालणारा." हिनं माझ्याकडे लग्नानंतर दुसऱ्यांदा अभिमानानं पाहिलं. अशा वेळी खरं बोलणारा माणूस मूर्ख असतो. मी नुसता हसलो.

खरं काय ते मला ठाऊक होतं. सर्किटात आवाज ऐकणारं काहीही नव्हतं. ५५५ चा ठेका ४०१७ च्या ज्या पायाला पोचायचा, त्या पायाचा टाका सुटला होता. चौरंग हादरला की तो टाका क्षणभर टेके, क्षणभर सुटे, आणि बिचारी ४०१७ त्या धक्क्यालाच ठेका समजून एक पाऊल पुढे टाके. आमचा बाप्पा दहा दिवस एका मोडक्या टाक्यावर नाचला.

विसर्जन झाल्यावर ते सर्किट घेऊन मी गल्लीतल्या टीव्हीवाल्याकडे गेलो. त्याच्याकडे आता टीव्ही कमी आणि मिक्सर जास्त असतात, पण नजर जुनीच. त्यानं भिंग डोळ्याला लावलं आणि म्हणाला, "काका, ड्राय सोल्डर आहे."

"कुठला?"

"कुठला काय विचारता? सगळेच."

हे मला लागलं. माझं अक्षर वाईट आहे, माझं ड्रायव्हिंग वाईट आहे, हे मी ऐकून घेतो. पण सोल्डरिंग मी शाळेत असल्यापासून करतो. "सोल्डर कुठलं वापरलं?" असं त्यानं विचारल्यावर मी पिशवीतून अर्ध्या किलोचं रीळ काढून त्याच्यापुढे आपटलं. रिळावर सोनेरी अक्षरांत '६०/४०' छापलेलं होतं. बाकी काही नव्हतं. कंपनीचं नाव नाही, पत्ता नाही, तारीख नाही. त्यानं तारेचा तुकडा पत्र्यावर वितळवला, इस्त्री बाजूला केली (आमच्याकडे सोल्डरिंग आयर्नला इस्त्रीच म्हणतात) आणि त्या थेंबात सुई फिरवत बसला. "बघा. अजून लापशी आहे. ... अजून लापशीच. ... आत्ता कुठं गोठलं. हे साठ-चाळीस नाही, काका. ह्यात शिसंच शिसं आहे."

लापशी हा शब्द त्यानं सहज वापरला, पण धातुशास्त्रज्ञांना इतका नेमका शब्द सुचला नसता. सोल्डर म्हणजे कथील आणि शिसं यांचं लग्न. नुसतं कथील २३२ अंशांना वितळतं, शिसं ३२७ ला. दोन्ही एकत्र केली की दोघांपेक्षाही कमी अंशांना विरघळतात. लग्नाच्या बाबतीत हे सगळीकडे खरं नसलं तरी इथे आहे. त्यातही कथील त्रेसष्ट टक्के आणि शिसं सदतीस टक्के असं प्रमाण जमलं, की तो जोडा १८३ अंशांना एका फटक्यात वितळतो आणि एका फटक्यात गोठतो. मधली अवस्थाच नाही. साठ-चाळीसमध्ये पाच-सात अंशांपुरती थोडी लापशी होते, ती चालून जाते. पण प्रमाण उलटं करून चाळीस टक्के कथील आणि साठ टक्के शिसं घातलंत, तर ते पुरतं पातळ व्हायला २३५ च्या पुढे जावं लागतं, आणि गार होताना पन्नासेक अंश त्याची लापशीच राहते. या लापशीच्या काळात जोडाची तार केसभर जरी हलली, तरी आत चीर पडते. वरून टाका दिसतो. आत जोड नसतो.

आणि तार हलतेच. एका हातात इस्त्री, दुसऱ्या हातात सोल्डरची तार, आणि एलईडीचा पाय धरायला तिसरा हात देवानं माणसाला दिलेला नाही. स्वतःला मात्र चार घेतले. तेव्हा सोल्डरिंगचं दैवत हे गणपतीच असलं पाहिजे. मी एलईडी ओठांत धरतो. त्यातच मागून "अहो, चहा ठेवू का?" असा प्रश्न येतो. 'हो' म्हटलं की एलईडी हलतो, आणि नाही म्हटलं की चहा जातो.

आता हे रीळ मी घेतलं कसं, हेही सांगायला हवं. पासोड्या विठोबाच्या त्या गल्लीत त्या दिवशी मी दीड तास होतो. एलईडी पाच मिलिमीटरचे की तीनचे, दुधी की पारदर्शक, यावर चाळीस मिनिटं गेली. चार दुकानं फिरून मी दिव्यामागे पंचवीस पैसे वाचवले. सोल्डरला लागली दहा सेकंदं. दुकानदार म्हणाला, "हे घ्या, अर्धा किलो, स्वस्त पडेल." मी घेतलं. स्वस्त का पडतं, असं विचारायला तोंड उघडलंच नाही. कथलाचा भाव शिशाच्या दहापटीहून वर असतो. तेव्हा सोल्डर स्वस्त करायचा जगात एकच मार्ग आहे: कथील काढा, शिसं घाला. शिसं जड, म्हणून रीळ हाताला भरभक्कम लागतं, आणि आपण मराठी माणसं जड वस्तूला चांगली वस्तू समजतो.

शिवाय अर्धा किलो! बावीस गेजच्या तारेचा एका टाक्याला अर्धा सेंटीमीटर लागतो, म्हणजे एका ग्रॅमच्या पन्नासाव्या-साठाव्या हिश्शाइतकं सोल्डर. अर्ध्या किलोत सहज तीस हजार टाके होतील. माझ्या दिव्यांना वर्षाला साठ लागतात. म्हणजे पाचशे गणेशोत्सवांची सोय मी एका खरेदीत करून ठेवली होती.

माझी तार बावीस गेजचीही नव्हती म्हणा. ती होती अठरा. गेजचा कारभार उलटा असतो, आकडा वाढला की तार बारीक होते. बावीस गेज म्हणजे पाऊण मिलिमीटरला थोडी कमी. अठरा म्हणजे सव्वाच्या आसपास. ४०१७ चे पाय एकमेकांपासून अडीच मिलिमीटरवर. त्यांच्यावर सव्वा मिलिमीटरची तार टेकवणं म्हणजे झाडूच्या काडीनं काजळ घालणं. दोन पायांवर मिळून एकच गोळा बसतो, आणि मग तो काढायला आणखी एक यंत्र विकत घ्यावं लागतं.

टीव्हीवाल्याचं म्हणणं मला पटलं नाही असं नाही, पण पैसे मी मोजले होते, त्यामुळे पटवून घ्यायची घाई नव्हती. पुराव्यासाठी मी आर्किमिडीजकडे गेलो. साठ-चाळीस सोल्डरची घनता साधारण साडेआठ, चाळीस-साठची सव्वानऊच्या पुढे. तारेच्या पोटातली राळ हिशोब बिघडवते, म्हणून तार वितळवून, राळ पुसून शंभर ग्रॅमची गोळी केली. ती पाण्यात बुडवल्यावर सुमारे पावणेबारा ग्रॅम पाणी सरलं तर माल खरा, पावणेअकरा सरलं तर खोटा. फरक एका ग्रॅमचा. आणि आमच्या स्वयंपाकघरातला काटा एक ग्रॅमचा आहे. तो 'अकरा' म्हणे, मी श्वास सोडला की 'बारा' म्हणे. तेवढ्यात हिनं पाहिलं. "तो काटा केकच्या मैद्याचा आहे," एवढंच ती म्हणाली, पण ज्या आवाजात म्हणाली त्यावरून मी गोळी उचलली आणि मुकाट्यानं काटा दोनदा साबणानं धुतला. शिशाच्या बाबतीत ती बरोबर असते. ते इस्त्रीच्या उष्णतेनं हवेत उडत नाही (१७४९ अंशांशिवाय ते उकळत नाही, आणि सोल्डरिंगचा जो धूर आपल्या नाकात जातो तो राळेचा), पण बोटांना लागतं आणि बोटांवरून मोदकात जातं. सोल्डर करता करता भेळ खाणारे वीर मी पाहिले आहेत. त्यांनी एकतर सोल्डर करावं, नाहीतर भेळ खावी.

मिलिग्रॅमचा काटा असतो सराफाकडे. लक्ष्मी रोडला सोन्या मारुतीजवळच्या एका बोळात आमच्या घरातले डाग तीन पिढ्या करणारे सोनार बसतात. गोळी त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, "ही पाण्यात तोलून द्याल का?" त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे असं पाहिलं, की आजवर घरची पातेली विकायला आलेल्या माणसांकडेच त्यांनी तसं पाहिलं असावं. मी सगळी हकिगत सांगितली. त्यांनी काटा काढलाच नाही. गोळी उचलली आणि पावतीपुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर एक रेघ ओढली. करडी, ठसठशीत, पेन्सिलीनं ओढावी तशी.

"शिसं," ते म्हणाले. "कथील एवढं लिहीत नाही."

झालं. आर्किमिडीजला नागवं धावावं लागलं, आमच्या सोनारांनी बैठकसुद्धा मोडली नाही. गंमत म्हणजे ज्या वस्तूला आपण शिसपेन्सिल म्हणतो तिच्यात शिसं औषधालाही नसतं, ग्रॅफाइट असतं. आणि ज्या रिळावर 'साठ-चाळीस' लिहिलेलं होतं ते मात्र खरी शिसपेन्सिल निघालं.

मग ते मोकळे झाले. म्हणाले, "तुमचं आणि आमचं काम एकच. डाक लावायची." बांगडीचा जोड, साखळीची कडी, डुलाची दांडी, सगळं डाकेनं जोडलेलं असतं, आणि डाक कमी कसाची, म्हणून जुन्या काळी मोड घेताना सोनार घट धरायचा. पुढे कॅडमियमची डाक आली. सोन्यात थोडं कॅडमियम घातलं की डाक कमी तापावर वितळते आणि तिचा कसही चढा राहतो. ते म्हणजे केडीएम. मी थक्क झालो. लग्नसराईत "केडीएम आहे ना?" असं ठणकावून विचारणाऱ्या किती मावश्या-आत्या मी पाहिल्या होत्या. त्या सगळ्या सोल्डरची चौकशी करत होत्या! कॅडमियमचा धूर कारागिरांच्या फुफ्फुसांचं वाटोळं करतो म्हणून ते मागे पडलं, आणि आता सगळे हॉलमार्क विचारतात. म्हणजे बघा, ९१६ चा शिक्का भिंगातून पाहणारा मी, त्रेसष्ट-सदतीस शब्दानंही विचारत नाही.

घरी येताना मला आजी आठवली. आमच्या वाड्यात वर्षातून दोनदा कल्हईवाला यायचा. अंगणात खड्डा करून भाता लावायचा, पातेलं लाल होईस्तोवर तापवायचा, त्यात नवसागराची चिमूट टाकायचा. भस्सकन पांढरा धूर निघायचा, आम्ही पोरं खोकत खोकत आणखी जवळ जायचो. मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्यानं तो एक गिरकी घ्यायचा, आणि काळ्या पितळेतून चांदी उगवायची. सोल्डरिंगचं सगळं शास्त्र त्या गिरकीत होतं. नवसागर धातूवरचा गंज खातो, मग कथील पसरतं. कथलाच्या आधी पातेलं तापवायचं. गार पातेल्यावर कथील ओतलं तर नुसते गोळे होतात. मी चाळीस वर्षं इस्त्री सोल्डरला टेकवून थेंब टाक्यावर ठिबकवत होतो. आधी टाका तापवायचा आणि सोल्डर त्याला लावायचं, हे कल्हईवाला मला सातव्या वर्षी दाखवत होता आणि मी धुराकडे पाहत होतो.

आजी मात्र पातेल्याकडे पाहायची. कल्हई गार झाली की ती पांढऱ्या फडक्यानं आतून जोरात पुसायची आणि फडकं उजेडाकडे धरायची. काळं आलं की संपलं. "शिसं घातलंस ना रे मेल्या? यात आमची पोरं आमटी जेवतात!" तो शपथा घ्यायचा, आणि मग दुसरी कांडी काढायचा. आजी चौथी शिकली होती.

राळेबद्दल सांगायचं राहिलं. सोल्डरची तार दिसते भरीव, पण ती मोदकासारखी असते. आत सारण असतं. पाइनच्या डिंकापासून काढलेली राळ, म्हणजे व्हायोलिनवाले गजाला घासतात तीच. इस्त्री लागली की आधी ती वितळून पुढे धावते, तांब्यावरची मळी खाते, आणि मागून कथील येऊन बसतं. चांगल्या रिळात तार कुठेही कापा, मधे सारण असतंच. एर्सिन मल्टिकोर या जुन्या इंग्रजी सोल्डरमध्ये तर एकाऐवजी पाच बारीक नळ्या असायच्या, एखादी मधेच कोरडी निघाली तरी बाकीच्यांनी भागवावं म्हणून. माझ्या रिळात वितीवितीनं मोदक पोकळ होता. तिथे सोल्डर टाक्याला न चिकटता गोळा होऊन इस्त्रीला लोंबायचं. मी वर डबीतली पिवळी पेस्ट फासायचो. ती पेस्ट पत्र्याच्या कामाला ठीक आहे. पीसीबीवर राहिली तर तिच्यातलं आम्ल पुढचे सहा महिने तांबं खात बसतं. माझ्या पहिल्या रेडिओला हिरवा बुरा का आला होता, हे मला पंचवीस वर्षांनी कळलं.

मधे एक परदेशी प्रकरण होऊन गेलं. माझा भाचा जर्मनीत असतो. त्याला फोनवर हे सगळं सांगितलं, तर दिवाळीला येताना त्यानं एक सुबक रीळ आणलं. बिनशिशाचं. "मामा, आता शिसं कोण वापरतं?" युरोपात १ जुलै २००६ पासून नव्या इलेक्ट्रॉनिक मालात शिशाला बंदी आहे. त्याचं सोल्डर साडेशहाण्णव टक्के कथील, तीन टक्के चांदी आणि अर्धा टक्का तांबं.

"चांदी?" हिचे कान टवकारले. "मग तुम्ही ती वायरींना का लावताय?"

लावली खरी. हे सोल्डर २१७ अंशांनंतरच विरघळायला लागतं, माझी इस्त्री पंचवीस वॉटची, टेंपरेचरचं बटण नसलेली. बारीक टाके झाले, पण जाड तारेशी आल्यावर ती दमली. झालेले टाकेही सगळे निस्तेज, दाणेदार, भुरकट. मला वाटलं, आले पुन्हा ड्राय! दोन तास बसून सगळे टाके पुन्हा मारले. ते पुन्हा तसेच. भाचा हसून म्हणाला, "मामा, बिनशिशाचं असंच दिसतं. तो आजारी नाही, त्याचा रंगच तो आहे."

भाच्याशी वाद घालायचा म्हणून मी माहिती काढली आणि मला एक हुकमाचं पान सापडलं. शिशाशिवायच्या कथलाला मिश्या फुटतात. खरोखरच्या. मिलिमीटरभर लांब, केसाहून बारीक, आपल्या आपण वाढणाऱ्या, आणि शेजारच्या तारेला टेकून शॉर्ट करणाऱ्या. १९९८ च्या मे महिन्यात गॅलेक्सी-४ हा उपग्रह बंद पडला आणि अमेरिकेतले लाखो पेजर मुके झाले, त्याचा ठपका अशाच मिशीवर आला. कथलात थोडं शिसं मिसळलं की मिश्या फुटायच्या जवळजवळ थांबतात. शिशावर बंदी घालणाऱ्यांनीही अंतराळातल्या आणि लष्करी कामाला सूट ठेवली. भाचा म्हणाला, "पण मामा, तुम्ही कमान करताय, उपग्रह नाही." कारखान्याचा माल लाखांनी कचऱ्यात जातो, पावसात भिजतो, शिसं विहिरीत उतरतं, त्यांना बंदी हवीच. त्याचं मला पटलं. वर्षाला साठ टाके मारून हात धुणाऱ्या, साध्या इस्त्रीच्या माणसाला मात्र त्रेसष्ट-सदतीसच सोसतं, या माझ्या मतावर मी कायम आहे. जर्मन रीळ मी जपून ठेवलं आहे. हिच्या मते ते चांदीच्या कपाटात असायला हवं.

यंदा श्रावणातच मी पुन्हा बुधवार पेठेतल्या त्या बाजारात गेलो. चिठ्ठी लिहून नेली होती. काउंटरवरच्या पोरानं ती वाचली. "त्रेसष्ट-सदतीस? काका, साठ-चाळीस घ्या ना, सगळे तेच नेतात."

"कंपनीचं आहे?"

"आहे की."

"कुठल्या कंपनीचं?"

तो जरा थांबला. "चांगल्या."

मी त्याला म्हटलं, ज्या रिळावर कंपनीचं नाव, बॅच नंबर, दोन्ही धातूंचे टक्के, गेज आणि आतली राळ किती, कोणत्या जातीची, एवढं छापलेलं असेल तेच दे. तो आत गेला, बराच वेळ डबे वाजले, आणि धूळ झटकत एक शंभर ग्रॅमचं रीळ घेऊन आला. बावीस गेज. मी खिशातून कागद काढला आणि तारेचं टोक त्यावर ओढलं. जेमतेम पुसटशी रेघ. तो पोरगा माझ्याकडे, सोनारांनी पाहिलं होतं तसंच पाहत होता. किंमत ग्रॅमाला जुन्या रिळाच्या जवळजवळ तिप्पट पडली; ती मी घरी सांगितलेली नाही आणि हा लेख हिनं वाचला तरी आकडा इथे सापडणार नाही.

त्या सोल्डरनं काम करणं म्हणजे काय सुख आहे! इस्त्री टाक्याला टेकवा, एक-दोन म्हणा, तार लावा. ती कधी वितळली ते कळतच नाही, पाण्यासारखी पायाभोवती पसरते, इस्त्री उचलली की क्षणात गोठते आणि आरशासारखी चमकते. टाका डोंगरासारखा, पायथ्याशी पसरट, मधे निमुळता. एकही गोळा नाही. ओठांतला एलईडी हलायच्या आत काम झालेलं. साठही टाके मी एका संध्याकाळी मारले, आणि चहाला 'हो' म्हणालो.

प्रतिष्ठापनेला दिवे असे पळाले की घड्याळ लावून घ्यावं. आरती सुरू झाली. टाळ वाजले, झांजा वाजल्या, शेजारच्या पोरानं चौरंग बडवला. दिवे आपल्या ठेक्यानं, कुणाकडेही न बघता, एक ते दहा पळत राहिले. मंत्रपुष्पांजलीतही त्यांची लय तसूभर बदलली नाही.

आरती झाली. सगळे कमानीकडे पाहत होते.

"यंदा टाळ्यांवर नाही का चालत?" कुलकर्णी काकांनी विचारलं.

"नाही."

"बिघडलं वाटतं," ते हळहळून म्हणाले. "गेल्या वर्षी किती छान होतं." मग कुणीतरी माझी समजूत घातली, की होतं असं कधी कधी. हिनंही माझ्याकडे पाहिलं, पण ते वेगळं पाहणं होतं. शेजारचं पोर शेवटपर्यंत टाळ्या वाजवून बघत होतं.

अर्ध्या किलोचं रीळ वर्षभर तसंच पडून होतं. कचऱ्यात टाकता येत नाही, आणि वापरवत नाही. गौरीजेवणाला मालवणहून मावसभाऊ आला होता. त्यानं ते हातात घेऊन तोललं, तार बोटाभोवती गुंडाळून पाहिली आणि डोळे चमकले. "ह्यां माका दी. पागाक लावतंय." पागाचं जाळं फेकताना त्याचा घेर झटकन बुडायला कडेला शिशाचं वजन लागतं, आणि ह्याच्यात शिशाला तोटा नव्हता. मी आनंदानं दिलं.

देण्याआधी हातभर तार तेवढी कापून घेतली. कुलकर्णी काका पुढच्या वर्षासाठी टाळ्यांवर चालणारे दिवे अजून मागताहेत.